बिशप पलीकडे गेला

बिबियाना रोज सकाळी आपल्या डुकराला रागवायची. डुकराचं नाव बिशप. ज्या आठवड्यात खरे बिशप डोंगर चढून पोरांना दृढीकरण, म्हणजे ख्रिस्ती धर्मातली पक्की दीक्षा, द्यायला आले, त्याच आठवड्यात हे पिल्लू तिच्या दारात आलं, म्हणून हे नाव. वस्तीत प्रार्थना घेणाऱ्या लिबोरिअस मास्तरांनी नावाला हरकत घेतली होती. पुढे डुकराचं पोट आणि चालण्यातला डौल पाहून त्यांनी ती मागे घेतली. त्यानंतर पायवाटेवर समोरासमोर आले की मास्तरच बाजूला व्हायचे.

"बिशप!" ती खुराड्याच्या कुंपणाशी उभी राहून ओरडायची. "काल पलीकडे दिवसभर चूल पेटली नाही. काही लोकांना वाटतं, आपण उपाशी झोपलो तर कुणाला कळणार नाही. धूर दिसला नाही की कळतं म्हणावं!"

बिशप रताळ्याची सालं चघळत राहायचा. उत्तर यायचं ते घळीच्या पलीकडच्या उतारावरून.

"सार्जंट! ऐकलंस का? स्वतःच्या छपराची गळती दिसत नाही, पण दुसऱ्याची चूल बरोबर दिसते. ताप होता म्हणावं. उतरला."

सार्जंट हा पलीकडचा तीन पायांचा कुत्रा.

"बिशप, तापावर कडू सालीचा काढा घ्यायचा असतो. आईने शिकवला होता दोघींना. पण लक्ष कुणाचं होतं!"

"सार्जंट, काढा घेतला म्हणूनच उतरला ना!"

एवढं झालं की बिबियाना सालांची टोपली उपडी करून मळ्यात जायची. पलीकडे तिची थोरली बहीण रुफिनाही आपल्या मळ्यात शिरायची. मधे खोल घळ, तळाशी नदी. पलीकडचं खोकणं ऐकू येईल आणि चेहरा दिसणार नाही, इतकं अंतर. दोन्ही उतार त्यांच्या आईचे. इकडे जमीन आईकडून लेकींकडे येते, बापाकडून फार तर तिरसटपणा येतो. तो दोघींनाही सारखाच आला होता.

या बेटावरची लढाई तांब्याच्या खाणीवरून सुरू झाली. खाण दोन डोंगर पलीकडे होती आणि तिचं तांबं या वस्तीत कुणी पाहिलेलं नव्हतं. आधी डोंगरातली पोरं सरकारशी लढली. मग सरकारने आपल्या बाजूने लढायला डोंगरातलीच माणसं शोधली, आणि त्यानंतर सरकारला फारसं काही करावं लागलं नाही. पाण्याच्या नळांपासून बंदुका बनल्या. कोण जिंकलं ते अजून ठरलेलं नाही. दोन्ही बाजू आपणच जिंकलो म्हणतात आणि दोन्ही बाजूंची छपरं सारखीच गळतात.

बिबियानाचा एकुलता एक मुलगा सेवेरिन डोंगरातल्या पोरांबरोबर गेला. रुफिनाचा नवरा लोंजिनस सैन्याच्या बाजूच्या टोळीत गेला आणि बायकोला घेऊन खाली समुद्राकाठी, सैन्याच्या पहाऱ्यातल्या छावणीत राहिला. त्या दिवसापासून दोघी बहिणी दोन बाजूंच्या झाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पुढे सरकारने बेटाला जहाजांचा वेढा घातला. मीठ संपलं, औषधं संपली. त्या साली सेवेरिन तापात असतानाच सोबत्यांबरोबर समुद्राकडे उतरला. सोबती परतले. तो परतला नाही. खाली उतरल्यावर आमची ताटातूट झाली, एवढंच ते सांगायचे, आणि सांगताना जमिनीकडे बघायचे.

तो जिवंत आहे का, हे बिबियानाने कधीच विचारलं नाही. आयांना ते कळतं. तो कुठे आहे, एवढंच तिला हवं होतं. आपलं माणूस कुठे पुरलंय हे कळेपर्यंत इकडच्या बाया अळकुडी खात नाहीत. ती रताळ्यांवर राहायची. मळ्यात अळू दरवर्षी लावायची, दरवर्षी उपटायची आणि सगळ्या अळकुड्या बिशपला घालायची. त्याचा घेर उगाच वाढला नव्हता.

रुफिना त्या वेळी खालीच होती. तिला काही माहीत असेल तर असेल. पण विचारायचं कसं? दोन बाजूंमधला बाण मोडेपर्यंत, म्हणजे रीतसर समेट होईपर्यंत, एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांच्या चुलीवरचं खायचं नाही. आणि सगळ्यात वरचा नियम म्हणजे लढाईत गेलेल्याचं नाव जो पहिल्यांदा काढील, त्याच्या दारात ते मरण येणार, त्याचा जाब त्याने द्यायचा. ऐकीव गोष्टींवरून कुणी कुणावर आळ घेऊ नये म्हणून जुन्या लोकांनी हे बांधून दिलं होतं. नियम फार चांगला होता. त्यामुळे कुणालाच काही कळत नसे, एवढंच.

डुकराशी बोलू नये, असं मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. ते राहून गेलं असावं.

बंदुका थंडावल्यावर एका सकाळी पलीकडच्या उतारावर धूर दिसला. लोंजिनस लढाईच्या शेवटच्या साली वारला होता. रुफिना एकटीच वर आली होती, कुत्र्याला घेऊन. बिबियाना कुंपणाशी बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिने मान वळवली आणि पिल्लाला म्हणाली, "बिशप, पलीकडे कुणीतरी आलंय वाटतं." मोठ्याने म्हणाली, कारण पिल्लू लहान होतं. बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, "सार्जंट, भुंकू नकोस. आपलीच माणसं आहेत." सार्जंट तर भुंकतही नव्हता.

तेव्हापासून हे चाललं होतं. वस्तीतली बाकीची घरं खाली रस्त्याच्या कडेला गेली होती. रविवारी प्रार्थनेला माणसं दिसायची. इतर दिवशी बिबियानाच्या कानावर माणसाचा आवाज पडायचा तो घळीवरून, आणि तोही डुकराच्या नावे.

मग एके दिवशी ओनाकू मामा चढून आले. हे दोघी बहिणींच्या आईचे धाकटे भाऊ, म्हणजे घराण्यातला शेवटचा शब्द यांचा. दोन्ही बाजूंत त्यांचे भाचे होते, त्यामुळे लढाईभर दोन्ही बाजू त्यांना दगाबाज म्हणत आणि दोन्ही बाजू त्यांच्याकडे जेवत.

"ठरलं," ते धापा टाकत म्हणाले. "चंद्र भरला की बाण मोडायचा. नदीवर. तुमच्या बाजूने एक डुक्कर, त्यांच्या बाजूने एक. तुमच्या बाजूने हा जाणार."

बिबियानाने बिशपकडे पाहिलं. "दुसरं नाही का कुठलं?"

"लढाईत सगळी खाल्ली की! दोन्हीकडे मिळून धड अशी दोन राहिलीत. हा एक आणि एक रुफिनाच्या चुलतसासऱ्याकडे." मामांनी कमरेची मापाची वेल काढली आणि बिशपच्या छातीभोवती गुंडाळली. वेल पुरली नाही. त्यांचा चेहरा उतरला. "हे कठीण आहे. दोन्ही डुकरं सारखी हवीत. ज्याचं मोठं, तो मोठा झाला. समेट करायचाय आपल्याला, नवीन लढाई नाही."

"मग त्यांना म्हणावं, त्यांचं वाढवा."

"वाढत नाही ते. स्वभावच तसा आहे त्याचा. ह्याचं कमी कर."

अशा रीतीने बिशपचं पथ्य सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी घळीवर आवाज घुमला. "बिशप, आजपासून अर्धीच सालं! कारण काही लोकांची डुकरं म्हणजे नुसती कातडी वाळत घातलेली आहे!"

"सार्जंट! काही लोक डुकराला असं पोसतात, की त्याला पंगतीला न्यायचं तर दोरखंड लावून ओढावं लागेल!"

बिबियानाला हसू आलं. हसता हसता ती खाली बसली. बाण मोडला की बोलता येईल. समोर बसून विचारता येईल, ताई, तुला काही कळलं होतं का गं? फक्त तेवढं. त्या बदल्यात बिशप जाणार होता. तिने मनातल्या मनात हा सौदा पुन्हा पुन्हा तपासला आणि प्रत्येक वेळी अर्धीच सालं टाकताना तिचा हात थोडा सैल सुटला. पथ्य फारसं लागू पडलं नाही. शेवटी मामांनीच मोजताना वेल जरा ओढून धरली.

चंद्र भरला त्या दिवशी बिशपचे पाय बांधून त्याला काठीवर उलटा टांगून नेलं. डुकरं अशा वेळी साऱ्या डोंगराला ऐकू जाईल असं किंचाळतात. बिशप एकदाही ओरडला नाही. आपल्या पदाला शोभेल असा गेला. नदीवर दोन्ही बाजूंची माणसं जमली होती. ज्यांनी एकमेकांवर नेम धरले होते ते आता एकमेकांच्या पोरांची उंची बघत होते. धनुष्य मोडलं, बाण मोडला. लिबोरिअस मास्तरांनी लांबलचक प्रार्थना केली. डुकरांची अदलाबदल झाली, आणि माणसं जोडीजोडीने समोरासमोर सुपारी खायला बसली. एकाने फोडायची, दुसऱ्याने चुना द्यायचा.

रुफिना समोर बसली. बिबियानाने तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा जवळून पाहिलं. केस पांढरे झाले होते, पुढचा एक दात गेला होता. आई म्हातारपणी दिसायची तशीच दिसत होती. ती सुपारी फोडत होती. बिबियानाने चुना पुढे केला. दोघींनी नागवेलीचं पान मोडून घेतलं, सुपारी तोंडात टाकली आणि चघळू लागल्या. तोंडं भरली, लाल झाली. रुफिनाने काहीतरी सांगायला म्हणून तोंड उघडलं.

बिबियाना घाबरली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता समोर आलं होतं, आणि मधे डुक्करही नव्हतं.

"चुना जास्त झाला का?" तिने विचारलं.

"नाही," रुफिना म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. मग मामांनी हाक दिली आणि सगळी माणसं दगड पुरायला उठली. मोठा काळा दगड होता. तो खड्ड्यात उतरवून वरून माती लोटल्यावर मामा मोठ्याने म्हणाले, "झालं गेलं या दगडाखाली. आता कुणी जुनं उकरायचं नाही. जो उकरील तो एक डुक्कर दंड देईल."

बिबियाना त्यांच्यापाशी गेली. "मामा, कालपर्यंत विचारायची बंदी होती."

"होती."

"आजपासून विचारायची बंदी आहे."

"आहे."

"मग विचारायचं कधी होतं?"

मामांनी डोकं खाजवलं. हा प्रश्न त्यांना याआधी कुणी विचारला नसावा. "मधे," ते म्हणाले. "बाण मोडल्यावर आणि दगड पुरायच्या आधी."

"म्हणजे केव्हा?"

"तुम्ही सुपारी खात होतात ना, तेव्हा."

ती घरी आली. तिच्या बाजूच्या लोकांनी पलीकडून आलेलं हडकुळं डुक्कर त्याच दिवशी भाजून खाल्लं. तिच्या वाट्याचं पानात बांधून कुणीतरी आणून दिलं. तिने ते दाराशेजारच्या खांबाला टांगलं आणि तिथेच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने ती सालांची टोपली घेऊन कुंपणाशी गेली. खुराडं रिकामं होतं. चिखलात बिशपच्या कुशीचा खळगा तेवढा होता आणि त्यात पाणी साठलं होतं. ती टोपली धरून उभी राहिली. पलीकडे धूर होता. आता बोलायला बंदी नव्हती. हवं ते बोलता आलं असतं. पण कुणाला सरळ हाक मारायची म्हणजे आधी काहीतरी काम हवं, आणि तिच्याकडे जे एकच काम होतं ते दगडाखाली होतं. पलीकडेही कुणी सार्जंटला काही म्हणालं नाही. समेटाआधी घळ इतकी गप्प कधीच नव्हती. लढाईतसुद्धा अधूनमधून बंदूक वाजायची.

असे बरेच दिवस गेले. ती संध्याकाळी लवकर दार लावून घेऊ लागली. रविवारी मास्तरांनी विचारलं, "बरी आहेस ना?" तर ती म्हणाली, "सालं वाया जातात हो." मास्तरांनी तिच्यासाठी एक प्रार्थना म्हटली, तीही घाईघाईत.

मग मामा पुन्हा चढून आले. या वेळी धाप कमी आणि राग जास्त होता.

"तुझ्या बहिणीला झालंय काय? कापायला दिलेलं डुक्कर अजून कापलं नाही तिने!"

"बिशप आहे?"

"आहे म्हणजे! ऐटीत बसलाय. अळकुड्या खातोय. दोन्ही बाजूंची पोरं कुजबुजायला लागलीत. समोरच्याचं डुक्कर खाल्लं नाही म्हणजे समेट गिळला नाही, असाच अर्थ होतो. एकाने तर म्हणे नळाच्या बंदुकीला खोबरेल लावून ठेवलं. तू जा आणि विचार तिला."

"विचारायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत."

"मेलेल्यांबद्दल नाही विचारायचं! डुकराबद्दल विचारता येतं!"

"उद्या बघते," ती म्हणाली. पण मामा गेल्यावर ती पहिल्यांदाच मोकळा श्वास घेऊन दारात बसली. बिशप होता. का होता, ते तिला कळेना.

सकाळी घळ धुक्याने काठोकाठ भरली होती. ती कुंपणाशी आली. काय म्हणायचं ते ती मनात जुळवत होती. ताई, लोक म्हणतात... ताई, मामा आले होते... तेवढ्यात धुक्यातून आवाज आला.

"बिशप!"

तिच्या हातातली टोपली तिरकी झाली.

"बिशप, इकडे बघ. तुला सांगतेय, दुसऱ्या कुणाला नाही. दुसऱ्या कुणाला सांगायला बंदी आहे. तेव्हा होती, आताही आहे. मधे जरा वेळ नव्हती, तर माझं तोंड सुपारीने भरलं होतं." रुफिनाचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. "खाली छावणीत एक पोरगा आला होता माझ्याकडे. तापाने फणफणलेला. बंदूक कुठेतरी टाकून आला होता. मला आई म्हणाला. आईच्या बहिणीला आईच म्हणतात ना आपल्यात, पण तो तसा नाही म्हणाला. तापात त्याला खरंच वाटलं, मी त्याची आईच आहे. आमचे चेहरे मिळतात ना. मीही नाही म्हटलं नाही."

बिबियानाने कुंपणाचा खुंट घट्ट धरला.

"लोंजिनसने त्याला पाहिलं. पाहून काही बोलला नाही, बाहेर जाऊन दारात बसला. सैनिक आला तेव्हा म्हणाला, माझ्या बहिणीचा मुलगा आहे, गोवर झालाय त्याला. सैनिक गोळीला भीत नव्हते, पण गोवर म्हटल्यावर पळाले. औषध मी मागायला गेले होते. माझ्या नावाचं दिलं, थोडंसंच. नाही पुरलं रे. भात पुढे केला तर नको म्हणाला. आईच्या हातची भाजलेली अळकुडी मागत होता. छावणीत कुठली अळकुडी? पोत्यातला तांदूळ नुसता. मी भाताचा गोळा निखाऱ्यावर भाजला आणि अळकुडी म्हणून दिला. त्याने खाल्ला. चांगली झालीय म्हणाला."

धुकं हलत होतं. खाली नदी वाजत होती.

"छावणीच्या देवळामागे आहे. लोंजिनसच्या घराण्याच्या नावावर पुरलाय, नाहीतर त्यांनी पुरू दिलं नसतं. तोंड समुद्राकडे नाही केलं, डोंगराकडे केलंय. लाल पानांचं झाड लावलंय डोक्याशी. आता ते माझ्याहून उंच झालंय. नाव मी घेणार नाही, नाव घेतलं तर मामा येतील वेल घेऊन. पण तुला कळलं ना? म्हणून कापत नव्हते तुला. एकदा तुला खाल्लं, की मग हे सांगायला कोण होतं मला?"

आवाज थांबला. आता बोलायची पाळी या बाजूची होती. इतक्या वर्षांच्या सवयीने बिबियानाने मान खुराड्याकडे वळवली आणि तोंड उघडलं. खुराड्यात पाण्याचा खळगा होता. कोंबडी नव्हती, कुत्रा नव्हता. कुंपणाच्या खुंटाला सांगावं, असंही एकदा तिच्या मनात आलं. पण खुंटाशी बोलणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतात. डुकराशी बोलणारीला म्हणत नाहीत.

पलीकडे वाट पाहणं चाललं होतं. ते तिला ऐकू येत होतं.

"ताई!" ती ओरडली.

आवाज चिरकला. हा शब्द खूप वर्षांत वापरलेला नव्हता.

"ताई! येऊ का गं?"

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"ओरडतेस काय एवढं! बिशप दचकला इकडे." आणि जरा वेळाने, "ये. नदीवरचा ओंडका निसरडा आहे. बघून ये."

ती उतरली. दगड पुरला होता तिथून जाताना क्षणभर थांबली, आणि पुढे चढली. रुफिना दारात उभी होती. दोघी जवळ आल्या आणि समोरासमोर उभ्या राहिल्या. बिबियानाने हात पुढे केला आणि बहिणीच्या दंडाला लागलेली राख पुसली. पुसून झाल्यावर हाताचं काय करायचं ते तिला कळेना. रुफिना आत गेली, चुलीतल्या अळकुड्या पानावर काढून घेऊन आली आणि बिशपच्या कुंपणाकडे तोंड करून बसली. बिबियाना तिच्या शेजारी बसली. सार्जंट मधे येऊन आडवा झाला. बिशपने त्या दोघींकडे एकदा पाहिलं आणि ऐकायला तयार असल्यासारखा बसला. तो होता त्याहून जाड झाला होता.

"बिशप," रुफिना म्हणाली, "आधी आम्ही दोघी समुद्राकडे जाऊन येऊ. झाड बघायचंय कुणालातरी. आल्यावर तुझा दिवस. तोवर मामांना म्हणावं, समेट कच्चा असला तरी असू दे."

"बिशप," बिबियाना म्हणाली, "मामांना म्हणावं, खोबरेल पोरांनी डोक्याला लावावं."

तिने अळकुडीची करपलेली साल काढली. आतून वाफ आली. पहिला घास तिने तोंडात घातला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. रुफिना दुसरीकडे बघत होती. घळीतलं धुकं विरलं होतं आणि समोर बिबियानाचं घर दिसत होतं. लढाईनंतर तिने ते या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. छपराला एका बाजूने उतार आला होता आणि घर फार लहान होतं. चुलीतून धूर येत नव्हता.

"बिशप," रुफिना हळूच म्हणाली, "मीठ कमी असेल तर सांग म्हणावं."

बिबियानाने घास गिळला.

"बिशप," ती म्हणाली, "चांगली झालीय म्हणावं."